तीन प्रतींत

माझी नणंद एका अवाढव्य सरकारी कार्यालयात सॉफ्टवेअरचे परवाने सांभाळायची. कुठल्या संगणकात काय घातलंय आणि त्याचा परवाना आहे का, हे पाहणं तिचं काम. सगळे तिला परवानाबाई म्हणत. घरीही तीच तऱ्हा. शेजारीण माझ्या विणकामाच्या पुस्तकाची झेरॉक्स काढायला आली, तर हिने पुस्तक उचलून कपाटात ठेवलं. "लिहिणारीने डोळे फोडून लिहिलंय. विकत घ्या."

निवृत्तीला दोन महिने उरले होते. एकोणतीस वर्षांत तिच्याकडे एकही चोरटी प्रत सापडली नव्हती आणि खुर्ची तशीच स्वच्छ सोडायची, हा तिचा ध्यास. अशात नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरची मोजणी झाली. परवाने चाळीस, प्रती एकशेवीस. आठवड्याने तपासनीस येणार होते.

त्या संध्याकाळी तिचा चहा निवून गेला.

"चार-पाच जास्त असत्या तर कुणाचा तरी आगाऊपणा म्हटलं असतं, वहिनी. नेमक्या तिप्पट कशा?"

'तिप्पट' ऐकून मला काहीतरी आठवलं. मी मार्चची डायरी काढली. रोज लिहायची शिस्त शाळेतल्या सिस्टरांनी लावलेली. एका पानावर होतं, 'आज वन्संनी परिपत्रक काढलं. सगळं तीन प्रतींत ठेवा म्हणून.'

"सगळं नव्हे हो, परवान्याचा कागद," ती म्हणाली.

सकाळी कार्यालयात जाऊन तिने परिपत्रक पाहिलं. 'प्रत्येक सॉफ्टवेअर तीन प्रतींत ठेवावे.' 'परवाना' हा शब्दच राहून गेला होता. ती तडक भांडारपालाकडे गेली.

"आदेश तुमचाच, बाई. त्यानंतर हे एकच सॉफ्टवेअर आलं. एक वापरायला, एक फायलीला, एक जादा." त्याने गोदाम उघडलं. ऐंशी जुने संगणक ओळीने मांडलेले, प्रत्येकावर चिठ्ठी, 'फाइल प्रत' नाहीतर 'जादा प्रत'. एकालाही पुढे कुणी हात लावला नव्हता.

"चिठ्ठ्या कुणी लिहिल्या?"

"मीच. अक्षर बरं आहे ना?"

तिला हसू आवरेना. दोघांनी चार दिवसांत त्या ऐंशी प्रती पुसल्या. चूक तिने आपल्या नावावर घेऊन कंपनीला कळवली. प्रती वापरल्या नव्हत्या आणि आता पुसल्यात, तेव्हा आमची हरकत नाही, असं उत्तर आलं. तपासनीसांनी ते वाचलं, परिपत्रक वाचलं आणि चष्मा काढून डोळे पुसले.

"बाई, हा भांडारपाल आम्हाला द्या. आमचे आदेश कुणी वाचतसुद्धा नाही."

शेरा मिळाला, चोरटी प्रत एकही नाही.

दुरुस्त परिपत्रक तिने आधी मला वाचायला दिलं. मी दोनदा वाचलं. शब्द सगळे जागेवर होते. तरी दुसऱ्या दिवशी भांडारपालाचा फोन आलाच.

"बाई, परवान्याचा कागद तीन प्रतींत, हे कळलं. पण हे परिपत्रक किती प्रतींत ठेवू?"