कॉम्प्युटरनं मोडलेली सोयरीक

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आणि मला ओळखणाऱ्यांना विचारा — माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. तरी हे भिजलं. इतकी वर्षं.

नव्वदीच्या सुरुवातीला जळगावात मी कॉम्प्युटर क्लास काढला. अख्ख्या भावकीत ते यंत्र एकट्या माझ्याकडे, मग मिरवायला काहीतरी हवंच ना? भावकीची आणि सोयऱ्यांची वंशावळ मी त्यात भरायला घेतली. नाव, बाप, गाव, कूळ — ज्याचा त्याचा रकाना. म्हातारे चपला बाहेर काढून आत यायचे. मी कळ दाबली की पणजोबा पडद्यावर! हात जोडायचे हो. पणजोबांना की मला? मी आपला मलाच समजायचो.

त्याच सुमारास माझ्या चुलत बहिणीचं, मालूचं, पारोळ्याच्या एका मास्तराशी जमलं. दोघांचं मन एकमेकांवर, घरचेही राजी. अडलं ते कुळापाशी. एका कुळाचे म्हणजे भाऊबहीण, आमच्यात लग्न होत नाही. मुलाचे आजोबा लहानपणीच गाव सोडून आलेले, त्यामुळे आपलं कूळ त्या घरात कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं. घराघरांच्या वंशावळी सांगणाऱ्या आमच्या भाटानं मात्र ते सांगितलं होतं, आणि मी उतरवून घेतलं होतं. मालूचे वडील, आबा, म्हणाले — कॉम्प्युटरला विचार.

मी पारोळं उघडलं. कूळ — आमचंच.

आबांनी ते वाचलं. मग उठले. "मशीन सांगस ना, मंग खरं शे."

दुसऱ्या दिवशी मी भाटानं सांगितलेलं टिपण काढलं. का काढलं? शंका आली होती, दुसरं काय. त्यात कूळ वेगळं होतं. आमचं कूळ पुन्हा पुन्हा टाइप करायचा कंटाळा, म्हणून मी ते एका झटक्यात वरपासून खालपर्यंतच्या रकान्यांत कॉपी केलं होतं — त्यात पारोळ्याच्या घराचाही रकाना गेला होता.

नकाराचा निरोप अजून गेला नव्हता. सायकलवर टांग टाकून आबांकडे जायला कितीसा वेळ लागला असता? पण काय सांगणार होतो — मी चुकलो? ज्यांनी हात जोडले, त्यांना?

नाही गेलो. मालूच आली. दारातच उभी राहिली.

"भाऊ, एकदा परत बघा ना."

टिपण माझ्या खिशात होतं. आणि मी काय केलं? यंत्र सुरू केलं, तीच कळ दाबली, पडदा तिच्याकडे वळवला. म्हटलं, तूच वाच. तिनं वाचलं. मोठ्यानं, शाळेतल्यासारखं.

तिचं लग्न दोंडाईच्याला झालं. ती सासरी गेल्यावर मी तो रकाना दुरुस्त केला.

काही वर्षांनी माहेरी आली होती, तेव्हा म्हणाली, दाखवा तुमची वंशावळ. बघता बघता पारोळ्यापाशी थांबली.

"हे केव्हा बदललं?"

नवी माहिती मिळाली, मी म्हणालो. तुझ्या लग्नानंतर.

तिनं मान हलवली. "मग कुणाचाच इलाज नव्हता."

मी म्हणालो — नव्हता.