काकूकडचं एकोणपन्नास

परवा रविवारी जिंतूरच्या आमच्या घरात मी जिन्यात उभी राहून चोरून ऐकत होते... माझ्याच घरात, माझ्याच लेकीचं. आता सरळच सांगते, मी माझ्या जावेवर जळते.

मी शाळेत गणित शिकवते, बरीच वर्षं झाली. लेक ओवी पाचवीत आहे आणि स्कॉलरशिपची परीक्षा तोंडावर आलीय. आणि ती गणिताला बसते कुणाकडे? खाली, काकूकडे! काकू म्हणजे माझी धाकटी जाऊ सुनीता, जी शाळेत मराठी शिकवते.

माझ्यापुढे ओवी पेन्सिल चावत गप्प बसते. खालून मात्र खिदळण्याचे आवाज येतात... रोमन संख्या आणि विभाजक यांत खिदळण्यासारखं काय असतं, ते मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही.

सुनीताची तऱ्हाच वेगळी. तुरीच्या शेंगा सोलता सोलता दाणे परातीत ओळीने लावायचे. बारा दाण्यांच्या तीन-तीनच्या ओळी पुऱ्या भरल्या, म्हणजे तीन हा बाराचा विभाजक. पाच-पाचच्या लावल्या की दोन दाणे उरतात, ते खाऊन टाकायचे! रोमन आकडे खराट्याच्या काड्यांचे. घरभर टरफलं होतात, पण पोरीला विभाजक येतात. माझा नुसता तिळपापड होतो.

तर परवा विरजणाचं निमित्त काढून, वाटी घेऊन मी जिना उतरायला लागले आणि मध्येच थांबून कान दिला. वरूनच दिसलं, सुनीताने ओवीसमोर काड्यांनी एकोणपन्नास मांडलं होतं... एक उभी काडी आणि तिच्यापुढे L. पन्नासातून एक वजा. चूक! साफ चूक. आधी चाळीसचं XL, मग नऊचं IX, असं XLIX हवं. वजा करायचा I फक्त V आणि X च्याच आधी लागतो.

खरं सांगू? मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. उरलेल्या पायऱ्या कशा उतरले ते माझं मलाच माहीत नाही. "सुनीता, अगं पोरीला चुकीचं कशाला शिकवायलीस? परीक्षेत मार्क गेले म्हणजे?" आवाज जरा वरचाच लागला माझा.

सुनीता काही बोलायच्या आत ओवीच कपाळावर हात मारून ओरडली, "आई, तू कामून सांगितलंस? काकू मुद्दाम चुकती, मला चूक धरायची असती! गेला ना माझा डाव..."

विरजणाची वाटी तशीच हातात राहिली.

सुनीता शेंगा बाजूला सारत हळूच म्हणाली, "ताई, तुमच्यासमोर चुकायची तिला लय भीती वाटती. म्हणून म्हटलं, आधी मीच चुकते." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, तेच जास्त लागलं. टोमणा असता तर भांडता तरी आलं असतं.

संध्याकाळी मी ओवीला वर बोलावलं. छत्तीसचे विभाजक लिहिले आणि नऊ मुद्दाम गाळला. गणिताच्या बाईला मुद्दाम चुकणं किती जड जातं, काय सांगू... हात पुढे सरेना.

ओवीने जरा वेळ बघितलं आणि टुणकन उडी मारली. "आई, नऊ राहिला! नऊ चोक छत्तीस!" आणि खिदळली... माझ्याजवळ, वरच्या मजल्यावर. माझे डोळे भरून आले.

मनातल्या मनात सुनीताचे आभार मानत होते, तेवढ्यात कन्यारत्न म्हणालं, "पण आई, काकूच्या चुका लय अवघड असत्यात."

सुनीता, तुझे उपकार आहेत बाई... पण थांब जरा. उद्यासाठी मीही एक अवघड चूक शोधून ठेवलीय.