उसातल्या वाटेची जोखीम

आमच्या घरात जोखीम म्हणजे सोनं. एसटीत आई गळ्यातलं पदराखाली झाकायची आणि कानात पुटपुटायची, "जोखीम हाय अंगावर, नीट बस." या शब्दाचा दुसरा अर्थ मोठ्या भावानं घरी आणला. तो पुण्यात एका कंपनीत सिक्युरिटी सुपरवायझर झाला होता. ट्रेनिंग नुकतंच संपलं होतं.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. आमच्या लोणीकडे ऊस वाढला होता आणि उसात बिबट्या आला होता. मी मंचरला कॉलेजात जायचे. आमच्या घरातली पहिलीच. संध्याकाळी एसटीतून उतरलं की वस्तीपर्यंत उसातली पायवाट. हिवाळ्यात तुरे दुधासारखे उजळत, पाती कुजबुजत. मला वाटे, आपण पाण्याखालून चालतोय. भीतीही स्वप्नातल्यासारखी, लांबून यायची.

दिवाळीला भाऊ आला, ती वाट पाहून आला आणि ओट्यावर बसला.

"आण्णा, वाटेवर जोखीम लई हाय. ऊस वाटेला खेटलाय, ही एकटी, उजेड नाय."

"जोखीम हाय ना?" वडील म्हणाले. "मग घरातच ठेवायची. कॉलेज बंद."

माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला.

भाऊ गडबडला. "अवो, ही नुसती जोखणी झाली. धोका किती, कुठून, एवढंच. तो सांभाळायचा कसा, हे पुढचं काम."

"ते शिकवलं न्हाई व्हय?"

"शिकवलं की! चोर येतील म्हणून कंपनीला कुणी कायमचं टाळं लावतं का?"

चुलीपुढून आई हसली. "जोखीम म्हणून सोनं घरी ठेवून लग्नाला जाते का मी? पदर घेते अन् जाते."

सकाळी वडील कोयता घेऊन गेले आणि कारखान्याची तोड यायच्या आधीच वाटेच्या दोन्ही अंगांचा ऊस काढू लागले. शेजारच्या काकूंनी हाक दिली, "आण्णा, वाटेचा भांग पाडला का काय?"

"पोरीला कॉलेजात जायचंय," ते म्हणाले.

बिबट्या काही गेला नाही. त्याचे ठसे पाटाच्या चिखलात दिसत राहिले. पण मी उतरायचे तेव्हा वडील बॅटरी घेऊन उभे असत, मग पुढे मोठ्यानं खोकत चालत. मी पदवीधर झाले ती त्या खोकण्यामागून चालत.

अजूनही डोळे मिटले की तुरे उजळतात, मधे तो रुंद भांग दिसतो, आणि त्यातून मी चालत असते, आईवडिलांची जोखीम.