पाच अंडी आणि वर एक

आमच्या मागच्या दारी उसाच्या पाचटाचा ढीग आहे. गेल्या नाताळाच्या आधी शेजारच्या मावशींची लाल कोंबडी त्यात शिरून अंडी घालू लागली, दोन-तीन दिवसांआड एक. मावशी एकट्या राहतात, त्यांची ती एकच कोंबडी. मी एक अंडं उचललं, मग दुसरं, असं करत पाच झाली. पाचही नाताळच्या केकमध्ये गेली. पीठ कालवून डबा बेकरीत नेला, भाजून आणला. केक छान फुगला. मावशींना मी काही बोलले नाही. मला तसंही कुणाशी बोलायचं म्हटलं की घाम फुटतो.

त्याच आठवड्यात बायांची प्रार्थनासभा आमच्या घरी होती आणि वाचायची पाळी माझी. उतारा जुन्या करारातला, नियमशास्त्राचा. मी बोट ठेवून अडखळत वाचलं. दुसऱ्याचं घेतलं असेल तर आधी आपलं पाप कबूल करावं, मग घेतलेलं परत द्यावं आणि वर पाचवा हिस्सा जास्त द्यावा. पाच म्हणताना माझा आवाजच बसला. पाळकीणबाई म्हणाल्या, "पाणी प्या जरा." त्यांना वाटलं, मी लाजते.

सभा सुटली आणि कुंपणापलीकडून मावशी म्हणाल्या, "कोंबडी कामातून गेली गं. पंधरा दिस झालं, येक अंडं न्हाई. आयतवारी कापते तिला."

बिचारी नेमानं घालत होती, आणि माझ्यापायी मरणार होती.

परत द्यायचं मी ठरवलं, पण कबुली तेवढी गाळायची. दुकानातून सहा अंडी आणली, घेतलेली पाच आणि वर एक. सकाळी मावशी नळावर गेल्यावर खुराड्यात हळूच ठेवून आले. देव समजून घेईल, असं वाटलं.

थोड्या वेळानं मावशींची आरोळी. "अगं बायांनो, बघा! लाल कोंबडीनं पांढरी अंडी घातली! येका दमात सहा!"

गल्ली गोळा झाली. समोरची म्हणाली, "मावशी, ही तर बॉयलरची. कोंबडी पिशवी घिऊन दुकानात गेल्ती का?"

सगळ्या हसल्या. मावशींचा मात्र चेहरा उतरला. "मंग ठिवली कुनी? करनी केली का काय माझ्यावर?"

"मी ठेवली," मी म्हणाले. कुणाला ऐकूच गेलं नाही. पुन्हा मोठ्यानं म्हणावं लागलं. मग सगळंच सांगितलं. पाचट, केक, पाचवा हिस्सा.

मावशींनी खुराड्याकडं बोट केलं. "म्हंजी कोंबडी घालती?"

"घालते."

"आन् मी तिच्यावर सुरी काढाय निघाले हुते! तोंड हाय न्हवं तुला? आधी बोलायचं की गं!" मग सहाही अंडी माझ्या पदरात टाकली. "ही तुझी तू ने. मला क्येक आन."

अर्धा केक नेऊन दिला. मावशींनी तुकडा तोंडात घातला आणि म्हणाल्या, "चांगला झालाय. माझ्या कोंबडीचा हाय ना."

कोंबडी अजून माझ्याच पाचटात येते. अंडं दिसलं की मी कुंपणापाशी उभी राहते आणि हाक मारते, "मावशी, घातलं हो!" सुरुवातीला आवाज फुटायला वेळ लागायचा. आता पलीकडच्या गल्लीत ऐकू जातो म्हणतात.