क्लचचा खेळ

गव्हाच्या पेंढ्या उघड्यावर होत्या आणि पश्चिमेला ढग दाटत होते. मळणी यंत्रात पेंढी टाकली की आत्याच्या जुन्या ट्रॅक्टरचं इंजिन गुरगुरायचं, पण यंत्राला फिरवणारा दांडा मंदावून थांबायचा. क्लच घसरत होता. जळका वास आला. पेडल सैल वाटलं म्हणून सकाळी त्याचा नट मीच आवळला होता, अगदी शेवटच्या आट्यापर्यंत.

आत्यानं बोलावलेल्या नामदेव मिस्त्रींनी इंजिन बंद करून पेडल हातानं दाबून पाहिलं. "खेळच ठेवला नाहीस की पोरी, पेडलला जराशी मोकळी हालचाल नको? चळवळीची पत्रकं लिहितेस तसा नट आवळलास होय?"

आत्या हसली. मला हसू आलं नाही. सैल सोडणं म्हणजे माघार, एवढंच मी आजवर शिकले होते. 'जरा दमानं घ्या' म्हणणाऱ्या किती जणांना मी भर सभेत भित्रे ठरवलं असेल.

"म्हणजे लोखंडालाही तडजोड लागते?" मी चिडून विचारलं.

"तडजोड कसली? पाय काढल्यावर क्लचनं पुरतं धरावं, म्हणून खेळ ठेवायचा. तू तर त्याला धरूच दिलं नाहीस."

त्यांनी नट सैल करून इंजिन पुन्हा चालू केलं. आतली प्लेट जळली की वाचली, ते पेंढी टाकल्यावरच कळणार होतं. मी चार काड्या टाकल्या.

"भरून टाक," आत्या म्हणाली.

मी अख्खी पेंढी लोटली. दांडा क्षणभर मंदावला, आणि फिरत राहिला. दुसरी पेंढी मी न विचारता लोटली.