चकचकीत प्लग

माझी पोस्टिंग उत्तर सीमेवरच्या एका ट्रान्सपोर्ट युनिटच्या वर्कशॉपमध्ये होती. मी नाईक, व्हेईकल मेकॅनिक. आमचे वन-टन ट्रक पेट्रोलवर चालायचे. स्पार्क प्लगच्या दोन टोकांतली फट पॉइंट आठ मिलिमीटर हवी, आणि ती फीलर गेजनेच मोजायची. फट वाढली तरी सपाटीवर गाडी धावते. चढावर लोड आला की ठिणगी पडत नाही आणि इंजिन दगा देतं.

इन्स्पेक्शनच्या दिवशी सकाळी मी गेज काढला. हवालदार-मेजर खेकसला, "टाइम नहीं है. प्लग चमकाओ. साहब चमक देखते हैं, गॅप नहीं."

"उस्ताद, यही गाडी कल ऊपर जाएगी."

"ऑर्डर है."

मी प्लग वायर ब्रशने घासले आणि पांढऱ्या चादरीवर मांडले. साहेबांनी शाबासकी दिली. तिची मला आजही चीड येते. प्लग तसेच परत बसवले.

दुसऱ्या दिवशी लान्स नाईक प्रकाश त्या गाडीतून रसद घेऊन निघाला. प्रकाश आमच्या चेणे गावचाच, माझ्याबरोबर भरती झालेला. १४३० वाजता वायरलेस सेटवर आवाज आला.

"चढाई पे इंजिन बंद. गाडी पीछे लुढककर खाई में. ओव्हर."

"ड्रायव्हर?"

"नहीं रहा. ओव्हर."

रिकव्हरीला मीच गेलो. प्लग काढून मोजले. सहापैकी पाचांची फट एक मिलिमीटरच्या वर होती. चौकशीच्या कागदावर आलं, 'ड्रायव्हरची चूक.' मला कोणी विचारलं नाही. मीही तोंड उघडलं नाही, नोकरी प्यारी होती. हवालदार-मेजरला शिव्या घालणं सोपं आहे, पण प्लग माझ्या हातचे होते.

पार्थिवाबरोबर मलाच गावी पाठवलं. त्याच्या आईने विचारलं, "लोक सांगतान माझे पोराची चूक हाय. खरा हाय का रं?"

"मला ठाऊक नाही, मावशी," मी म्हणालो.

आता घोडबंदर रोडला माझं गॅरेज आहे. परवा एक सीएनजी ट्रकवाला म्हणाला, "काका, प्लग अंदाजाने बसवा ना, गाडी तर चालतेय." त्याला मी हाकलून दिलं. राग त्याचा नव्हता, माझाच होता.

माझं ते 'ठाऊक नाही' मनात घेऊनच मावशी वारल्या, खरं त्यांना कधी कळलंच नाही. म्हणून हे लिहितोय. लान्स नाईक प्रकाशची चूक नव्हती. गाडी खराब होती, आणि ती मी पास केली होती.