‘बरं हाय’चा रकाना

फाल्गुनात पोलादपूरच्या डोंगरउतारांवर राब भाजतात. पालापाचोळा, शेण आणि वाळक्या काटक्यांचा तो कडवट धूर सकाळीच दरीत उतरतो आणि केसांत, साडीत मुरून बसतो. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मी मुंबईहून महाडला रोगी तपासायला येते, तेव्हा या दिवसांत कागदांनाही तोच वास लागतो. भाजून काळ्या पडलेल्या जमिनीच्या त्या तुकड्यातूनच भाताची रोपं तरारून येतात, हे लहानपणापासून पाहिलेलं. म्हणूनच की काय, यकृताविषयी पहिल्यांदा शिकले तेव्हा ते मला ओळखीचं वाटलं. अर्धं कापून काढलं तरी काही आठवड्यांत पुन्हा भरून येणारा अवयव! केवढं हे औदार्य, आणि आपण त्याची साधी दखलही घेत नाही.

मोठ्या आतड्याचा कर्करोग यकृतात पसरला तर कुणाचं, केव्हा आणि किती कापावं, हा माझ्या संशोधनाचा विषय. लोकांना शस्त्रक्रिया मोठी वाटते. मला विचाराल तर खरं काम त्यानंतरचं. घरी गेलेल्या रोग्यावर वर्षानुवर्षं नजर ठेवायची आणि नवा डाग लहान असतानाच गाठायचा. त्यासाठी याद्या लागतात, आणि याद्या मला आवडतात. किराणा असो की टाके, माझं सगळं रकान्यांत असतं.

बाळारामकाका कशेडीच्या पायथ्याच्या वाडीतले. त्यांच्या आतड्यातली गाठ मी काढली होती. सहा महिन्यांनी स्कॅनला यायचे होते, ते आले नाहीत. फोन केला, तर म्हणाले, बरं हाय. महिन्याने पुन्हा केला; पुन्हा तेच. दोन्ही वेळा मी ‘प्रकृती उत्तम’च्या रकान्यात खूण केली आणि पुढच्या नावाकडे वळले.

ही चूक इथेच वाढलेल्या बाईने करावी, याची मला अजून लाज वाटते. आमच्याकडे घरोघरी कुणी ना कुणी मुंबईला असतं. तिथून फोन आला की ताप असो, हात मोडलेला असो, ‘बरं हाय’ एवढंच सांगायचं. पोराने रजा टाकून धावत यायला नको. माझी आईही मला हेच सांगायची. काकांच्या लेखी मीसुद्धा मुंबईचा फोन झाले होते, आणि ते माझ्या ध्यानातही आलं नाही.

ते आणून दिलं हसनभाईंनी. महाडचे टेम्पोवाले, माझेच जुने रोगी, तपासणीला सर्वांआधी हजर. त्यांनी काकांना पोलादपूरच्या बाजारात पाहिलं होतं.

“डॉक्टर, तुमच्या कागदावर ते बरे असतील,” ते म्हणाले, “पण माणसाने खिळ्याने पट्ट्याला दोन नवी भोकं पाडलीत.”

दुपारपर्यंत ते काकांना टेम्पोतून घेऊनही आले. मागे मालात नाही, पुढे सीटवर बसवून आणलंय, हे मला आवर्जून सांगितलं.

स्कॅन केला; यकृतात डाग होता. एकच, कडेला, काढण्याजोगा. माझ्या त्या खुणेआड तो आणखी काही महिने वाढत राहिला असता तर? काका म्हणाले, पोराला कळवू नका. मी फोन त्यांच्याच हातात दिला आणि खोलीबाहेर गेले. दुसऱ्या दिवशी मुलगा हजर होता. त्या आठवड्यात शस्त्रक्रिया झाली.

आता आम्ही फोनवर ‘कसं वाटतं’ हे विचारत नाही. वरच्या शेतावर जाताना वाटेत कितीदा बसलात? पानात भाकरी उरते का? कपडे सैल होतात का? परिषदांमध्ये या प्रश्नांचं कौतुक होतं, आणि ते माझ्या पदरात पडतं. शोधनिबंधाच्या शेवटी आभार मानायला दोनच ओळी मिळतात, तिथे टेम्पो कुणी लिहू देत नाही. म्हणून हसनभाई, इथे मानते.

या शनिवारी काका काकूंना घेऊन आले. दुसऱ्या शस्त्रक्रियेला दोन वर्षं झाली. स्कॅन स्वच्छ आहे. जुन्या सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं, कसं काय, काका?

ते खुर्चीत नीट सरसावून बसले. “गुडघा धरतो. झोप तीनला मोडते. ताक बाधतं. आणि ही भाजीत मीठ घालीत नाय.”

काकूंनी कपाळाला हात लावला. बाहेर बाकावर रांग वाढत होती. मी नवा कागद घेतला आणि म्हटलं, सावकाश सांगा.